पाणी निवळेपर्यंत

बागेत कमळाचं तळं केलंय म्हटल्यावर माणसं मुद्दाम बघायला येतात, आणि तळं नवं असेल तर त्यांना दिसतं ते मुगाच्या कढणासारखं हिरवं पाणी. कमळ त्यात कुठेतरी असतं. पाहुणे जरा वेळ काही बोलत नाहीत. मग चहाबरोबर उपाय सुरू होतात. कुणी तुरटी फिरवायला सांगतं, कुणी सगळं उपसून घासून काढायला. शेजारच्या अण्णांची तासगावकडे द्राक्षबाग, त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर मोरचूद. "चिमूटभर टाका वहिनी, उद्या तळ दिसंल."

मोरचुदानं शेवाळ मरतं, यात वाद नाही. मासेही मरतात, हे अण्णा सांगत नाहीत. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि त्यातून सुटतं ते पुढच्या शेवाळाचं खत. तुरटीनं गढूळपणा खाली बसेल. ऊन आणि खत मात्र जागच्या जागीच. आणि उपसून ताजं पाणी भरलं की आपण पुन्हा पहिल्या दिवसावर.

नव्या तळ्यात खायला भरपूर असतं आणि खाणारं कुणी नसतं. कुंडीतल्या मातीचं सत्त्व उतरतं, माशांचं उरलेलं खाणं विरघळतं, कमळाची पानं अजून पसरलेली नसतात, सांगलीचं ऊन तर तळापर्यंत पोचतं. मग एकपेशीय शेवाळ येतं. ते इतकं बारीक की स्पंजमधून आरपार जातं. लोक इथेच फिल्टरला नावं ठेवतात. फिल्टर म्हणजे गाळणी, ही आपली समजूत; ती अर्धीच खरी.

आमचा फिल्टर म्हणजे निळं प्लास्टिकचं पिंप. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या, सर्वांत वर स्पंज. पाणी खालून शिरतं, वरून बाहेर पडतं. तळं आठ बाय पाच, खोली दोन फूट, म्हणजे साधारण सव्वादोन हजार लिटर. दोन तासांत तेवढं पाणी एकदा फिरावं या हिशेबानं पंप घेतला. (पंपावर छापलेला आकडा पाणी वर चढवायचं नसताना मिळतो. पिंपाच्या तोंडापर्यंत चढवलं की तो बराच उतरतो, म्हणून एक माप मोठा घ्यावा.) पण पिंपातलं खरं काम डोळ्यांना दिसत नाही. विटांवर, जाळ्यांवर जिवाणू वस्तीला येतात. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं एक टोळी नायट्राइट करते, दुसरी टोळी नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विषारी, तिसरं बरंचसं निरुपद्रवी. ही वस्ती जमायला चारसहा आठवडे सहज लागतात, आणि तोवर मासे मोजकेच ठेवायचे, खाणंही दोनतीन मिनिटांत संपेल इतकंच.

गंमत पुढे आहे. नायट्रेट म्हणजे खतच की! फिल्टर जितका उत्तम चालेल तितकं खत तयार. त्यामुळे नुसत्या फिल्टरनं पाणी निवळत नाही. ते खत खाणारं झाड लागतं. आमच्या पिंपातून पडणारं पाणी आधी कर्दळ आणि वेखंडाच्या मुळांवरून जातं, मग तळ्यात. कमळाच्या पानांनी निम्मं पाणी झाकलं की उन्हाचाही बंदोबस्त होतो. जलपर्णी टाका, ती पटापट खत शोषते, असंही सांगतात. शोषते खरी. पण ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि आपल्याकडच्या नद्या-तलावांचं तिनं काय केलंय ते डोळ्यांसमोर असताना ती माझ्या फाटकातून आत येणार नाही.

बाजारात अतिनील दिवाही मिळतो. हिरव्या पाण्यावर तो गुणकारी, पण कडेला लोंबणाऱ्या केसाळ शेवाळाला त्याचं काहीच नाही, कारण ते दिव्याच्या नळीपर्यंत जातच नाही. ते मी काठीला गुंडाळून काढते. भिंतीवरचा पातळ हिरवा थर मात्र ठेवते. गप्पी मासे त्यावर चरतात आणि मधल्या वेळात डासांच्या अळ्या खातात. तळ स्वच्छ दिसायलाच हवा, ही हौस पोहण्याच्या तलावातून आलेली. बेडकाला तिचा काय उपयोग?

घरातला खरा तंटा स्पंजवरून. तो काळा झाला की आमच्या ह्यांचे हात शिवशिवतात. नळाखाली धरून, साबण लावून लख्ख करायचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, जमलेली वस्ती त्यानं मरते. म्हणून तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन स्पंज त्यात दोनदा पिळायचा आणि तसाच मळकट परत ठेवायचा. उरलेलं काळं पाणी कढीपत्त्याला. हे त्यांना पटलेलं नाही, पण ते आता बादली आणून देतात.

जिवाणूंना प्राणवायू लागतो, त्यामुळे पंप रात्रंदिवस चालू हवा. बंद पिंपात पाणी तासन्‌तास साचलं की वस्ती गुदमरते. वीज जाते तेव्हा काय? आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी जुनी, सगळ्यांना पुरत नाही. हॉलमधला पंखा त्यावरून काढून पंप जोडला. परवा भर दुपारी वीज गेली तेव्हा हे वर्तमानपत्रानं वारा घेत बागेत आले, पिंपातून पडणाऱ्या धारेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माशांना उकडत नाहीये ना?"