रेडिओवर बोलायला शिकताना: खासगी वैमानिकाच्या परीक्षेचा माझा अनुभव

छोट्या विमानात वैमानिक बहुतेक वेळा एकटाच असतो. मोठ्या प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाची सूचना दोघांच्या कानी पडते आणि एकाने चुकीचे ऐकले तर दुसरा लगेच टोकतो. एका इंजिनाच्या विमानात मात्र बाहेर नजर ठेवणे, उपकरणे पाहणे, विमान स्थिर राखणे आणि रेडिओवर बोलणे ही सारी कामे एकाच माणसाच्या वाट्याला येतात. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी रेडिओ संभाषणाची परीक्षा द्यायचे ठरले, तेव्हा माझ्या प्रशिक्षकांनी पहिल्याच तासाला हा फरक समजावून सांगितला. शेजारी ऐकणारा कोणी नाही, तेव्हा आपले ऐकणे बरोबर आहे की नाही हे फक्त नियंत्रकच तपासू शकतो आणि त्याला ते तपासता यावे म्हणून सूचना परत म्हणून दाखवायची असते, हे त्यांचे सांगणे पुढच्या सगळ्या तयारीचा पाया ठरले.

पहिल्या हाकेची मांडणी लवकर अंगवळणी पडली: आपण कोणाला हाक मारतो आहोत, आपण कोण, कुठे आहोत आणि काय हवे आहे. खरा वेळ गेला तो रीडबॅकच्या, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवण्याच्या, सरावात. उड्डाणाची, उतरण्याची, धावपट्टीवर शिरण्याची, ती ओलांडण्याची किंवा तिच्या अलीकडे थांबण्याची सूचना, तसेच धावपट्टीचा क्रमांक, उंची, दिशा, वेग, अल्टिमीटर (उंचीमापक) सेटिंग आणि ट्रान्सपाँडरचा (विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या उपकरणाचा) कोड हे सारे जसेच्या तसे परत म्हणावे लागते. नुसते ‘रॉजर’ म्हणून भागत नाही, कारण त्यातून काहीतरी ऐकू आले एवढेच कळते. काय ऐकू आले ते कळत नाही. प्रशिक्षक सराव घेताना मुद्दाम मी मागितलेल्या धावपट्टीऐवजी दुसरीच देत, कारण अपेक्षित उत्तर कानांना फार सहज ऐकू येते.

रीडबॅक बरोबर आला म्हणजे सारे ठीक, असेही नाही. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाटे विमानतळावर दाट धुक्यात एका छोट्या सेसना सायटेशन जेटला आर-५ या टॅक्सीवेने (विमानांच्या जमिनीवरच्या रस्त्याने) जाण्यास सांगितले होते. वैमानिकांनी रीडबॅकमध्ये आर-५ हेच म्हटले, पण विमान आर-६ वर गेले. वाटेत त्यांनी आपण एस-४ या खुणेजवळ असल्याचे कळवले. ती खूण जमिनीवर रंगवलेली होती, मात्र ती वैमानिकांच्या नकाशात नव्हती आणि नियंत्रकालाही ओळखता आली नाही. जमिनीवरची हालचाल दाखवणारे रडारही तेव्हा चालू नव्हते. सायटेशन थेट चालू धावपट्टीवर आले, उड्डाण घेणारे एमडी-८७ त्याच्यावर आदळले आणि एकूण ११८ माणसे मृत्युमुखी पडली. या घटनेचा अभ्यास करताना मी फार अस्वस्थ झालो. इथे दोन्ही बाजू बोलत होत्या आणि उत्तरेही देत होत्या, तरी विमान नेमके कुठे आहे याचे चित्र दोघांच्या मनात वेगवेगळे होते. अनोळखी विमानतळावर टप्प्याटप्प्याने मार्ग सांगण्याची विनंती करण्यात मला त्यानंतर कधीही संकोच वाटला नाही.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात एकट्याने दूरच्या पल्ल्याचे उड्डाण करून परतताना या अभ्यासाचा मला प्रत्यक्ष उपयोग झाला. माझ्या कॉलसाइनची (रेडिओवर विमानाला हाक मारायच्या नावाची) शेवटची दोन अक्षरे डेल्टा ब्राव्हो, म्हणजे डी-बी, होती आणि त्याच वेळी ब्राव्हो डेल्टा हे दुसरे विमानही त्याच फ्रिक्वेन्सीवर होते. मला विमानतळाबाहेरच्या एका ठिकाणी घिरट्या घालत थांबायला सांगितले होते. थोड्या वेळाने थेट उतरण्याच्या अंतिम मार्गावर येण्याची सूचना आली, पण तिच्या सुरुवातीच्या शब्दांवरच कोणीतरी बोलले आणि कानात कर्कश शिट्टी वाजली. विमानांचा रेडिओ एएम पद्धतीचा असल्यामुळे दोघे एकदम बोलले की अशी शिट्टी वाजते आणि कोणाचेच बोलणे धड कळत नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर ५८३ जणांचे प्राण घेणाऱ्या विमान दुर्घटनेपूर्वीच्या निर्णायक क्षणीही हेच घडले होते. सूचना माझ्या सोयीची होती, इंधन आणि उजेड दोन्ही कमी होत चालले होते, आणि ती माझ्यासाठीच आहे असे मानण्याचा मोह मोठा होता. मी जागा सोडली नाही. पूर्ण कॉलसाइन सांगून सूचना कोणासाठी होती असे विचारले. ती दुसऱ्या विमानासाठी होती. त्यानंतर नियंत्रकाने आम्हा दोघांनाही पूर्ण कॉलसाइन वापरायला सांगितले.

परीक्षेपूर्वी कंट्रोल टॉवरला भेट देण्याची संधी मिळाली आणि माझ्या मते संपूर्ण तयारीत या भेटीइतके उपयोगी दुसरे काही नव्हते. वैमानिक रीडबॅक देत असतानाच नियंत्रकाला शेजारच्या विभागाचा फोन येत होता, विमानाची माहिती लिहिलेल्या हातातल्या कागदी पट्टीवर वेळ नोंदवायची होती आणि नजर धावपट्टीवर होती. चुकीचा रीडबॅक अशा क्षणी निसटू शकतो, हे तिथे डोळ्यांनी दिसले. तेव्हापासून नियंत्रकाचे मौन मी संमती मानत नाही आणि शंका असेल तर पुन्हा विचारतो. लांबलचक क्लिअरन्सची (नियंत्रकाच्या परवानगीची) विनंती मी धावपट्टीजवळ पोहोचल्यावर न करता थांबलेल्या विमानातून करतो, हा बदलही त्याच भेटीतला.

परीक्षेत परीक्षकांनी एका काल्पनिक उड्डाणाची सगळी हाताळणी तोंडी करून घेतली. मध्येच त्यांनी रेडिओ बंद पडल्याचे जाहीर केले. तेव्हा ट्रान्सपाँडरवर ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा कोड लावणे आणि टॉवरवरून येणारे प्रकाशसंकेत ओळखणे अपेक्षित होते: स्थिर हिरवा म्हणजे उतरण्याची परवानगी, स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट देऊन घिरट्या चालू ठेवणे. भाषेच्या चाचणीत मला पाचवी पातळी मिळाली. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चौथी पातळी किमान आवश्यक असते आणि तिच्यासाठी दर ३ वर्षांनी फेरचाचणीची शिफारस आहे, तर पाचव्या पातळीसाठी हा काळ ६ वर्षांचा आहे. परवाना हाती आल्यावरही गुडघ्यावरच्या कागदावर क्लिअरन्स आधी लिहायची, मगच बोलायचे बटण दाबायचे आणि जे लिहिले आहे तेच वाचून दाखवायचे, हा क्रम मी मोडलेला नाही.