वाटणीचे १४ रुपये ९० पैसे

एमबीएच्या तिसऱ्या सत्रात प्रोजेक्टची तोंडी परीक्षा असते. दुसरं सत्र संपलं की आठ आठवडे कुठल्यातरी कंपनीत काढायचे, काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं उमटवून रिपोर्ट सादर करायचा, आणि मग माझ्यासारखा बाहेरच्या कॉलेजातून आलेला एक्स्टर्नल समोर बसला की तो रिपोर्ट आपणच केलाय असं त्याला पटवायचं. मी पुण्यात मॅनेजमेंट अकाउंटिंग शिकवतो. त्याआधी भोसरीच्या बाजूला एका कारखान्यात कॉस्टिंगला होतो. हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगितलं.

त्या शनिवारी माझ्या वाट्याला ३४ मुलं होती. दुपारी एकपर्यंत १९ झाली आणि कोण काय बोललं याचा डोक्यात काला झाला होता. विषय दोनच: 'कर्मचाऱ्यांचं समाधान' नाहीतर 'ग्राहकांचं समाधान'. नमुना १०० जणांचा, पाच पर्यायांची लायकर्ट पट्टी, त्यावरून रंगीत पाय चार्ट, आणि शेवटी 'कंपनीने जाहिरातीवर भर द्यावा' अशी शिफारस. एकाच्या रिपोर्टात तर दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलं होतं. मास्लोचा गरजांचा त्रिकोण सकाळपासून ११ वेळा आला. मी मोजत होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

विसावी मुलगी आत आली तेव्हा इंटर्नल मॅडम माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "सर, हिने कंपनी घेतली नाहीये. मावशीची खानावळ आहे. आम्ही नाहीच म्हणत होतो, पण तिने उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट आणून दाखवलं, मग काय करणार."

खानावळ सदाशिव पेठेतली, पहिल्या मजल्यावरची. मेंबर बहुतेक एमपीएससीची मुलं. मी रिपोर्ट उघडला. पाय चार्ट नव्हता. पहिल्याच प्रकरणात हाताने आखून स्कॅन केलेला एक तक्ता होता, आणि त्याच्या समासात दुसऱ्याच अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेलं: "गॅस कमी धरलास."

"हे कुणी लिहिलंय?"

"मावशीने, सर. खोडायला विसरले."

तक्ता असा होता. रोज दुपारी ११० ताटं, रात्री ९०, आणि बाहेर जाणारे ४० डबे. ताट असो की डबा, एका जेवणाचे ७० रुपये. महिन्याचे दिवस २६ धरलेले; रविवारच्या फीस्टचा दर वेगळा म्हणून ती तिने बाहेर ठेवली होती (ठेवायला नको होती, अर्धा मार्क मी तिथेच कापला). डब्याचा खर्च: धान्य, भाजी, तेल मिळून ३८ रुपये, गॅस ४, चार पोळ्यांची लाटणावळ ६, पोचवणाऱ्या पोराला डब्यामागे ८. एकूण ५६. शिवाय महिन्याचा ठरलेला खर्च: जागेचं भाडं ४५,०००, दोन आचारी ३२,०००, भांडी-फरशीच्या बाई १०,०००, वीज-पाणी ६,०००. झाले ९३,०००. हा आकडा महिन्याच्या ६,२४० जेवणांवर सारखा वाटला की एका जेवणावर १४ रुपये ९० पैसे येतात. ५६ अधिक १४.९०, म्हणजे डबा पडतो ७० रुपये ९० पैशांना आणि विकला जातो ७० ला. डब्यामागे ९० पैसे तोटा.

"म्हणजे डबा तोट्यात आहे," मी म्हटलं. खरं तर उत्तर मला माहीत होतं, तिला माहीत आहे का ते बघायचं होतं.

"हो सर, मीही जूनमध्ये हेच काढलं होतं. मावशीला म्हटलं, डबा बंद कर."

"मग?"

"मावशी पोह्याला फोडणी देत होती. तिने मागे न बघताच विचारलं, डबा बंद केला तर घरमालक भाडं कमी घेणार का?"

मॅडम हसल्या. मी हसलो नाही.

पुढचं तिने फळ्यावर मांडून दाखवलं. डबा बंद केला तर त्याचे ५६ रुपये वाचतील, पण भाडं, आचारी, वीज इथेच राहणार. तेच ९३,००० आता ६,२४० ऐवजी ५,२०० जेवणांवर वाटायचे, म्हणजे ताटामागे १७ रुपये ८८ पैसे. दुपारच्या ताटाचा थेट खर्च ५० रुपये. रात्रीचा ५३, कारण दुपारचा उरलेला भात रात्री फोडणीचा होतो, रात्रीचा कुठे जाणार? म्हणजे रात्रीच्या ताटात सुटतात १७ रुपये. डबा चालू होता तोवर रात्रीचं जेवण दोन रुपये दहा पैसे नफ्यात होतं, डबा बंद होताच तेही ८८ पैसे तोट्यात गेलं. मग तेही बंद करा. आता सगळा भार दुपारच्या ११० ताटांवर, एकेका ताटावर साडेबत्तीस रुपये, आणि त्यात सुटतात फक्त २०.

"आधी डब्याची पंगत उठते सर, मग रात्रीची, मग दुपारची," ती म्हणाली. "दर वेळी आपण फक्त तोट्यातलंच बंद केलेलं असतं."

आणि खरा हिशेब शेवटच्या ओळीत होता. ज्या डब्याला मी तोट्यातला म्हटलं, तो ५६ वजा जाता १४ रुपये हातावर ठेवत होता, महिन्याला १४,५६०. सगळं मिळून खानावळीत उरत होते १८,५४०. डबा बंद केला असता तर उरले असते ३,९८०.

यात नवं काही नाही. मार्जिनल कॉस्टिंग, म्हणजे ठरलेला खर्च न वाटता फक्त कमीजास्त होणाऱ्या खर्चावरून निर्णय घेणं, पहिल्याच सत्रात शिकवतात, मीच शिकवतो. पण आमचा अभ्यासक्रम असा आहे की मॅनेजमेंट अकाउंटिंग सोमवारी, ऑर्गनायझेशनल बिहेवियर मंगळवारी, मार्केटिंग बुधवारी, अर्थशास्त्र गुरुवारी. पुढच्या सत्रात फायनान्स, एचआर आणि ऑपरेशन्स. प्रत्येकाचे सर वेगळे, वही वेगळी. सोमवारच्या वहीत मंगळवारची माणसं येत नाहीत. या मुलीच्या तक्त्यात मात्र लाटणावळीच्या सहा रुपयांच्या मागून तीन बायका आत आल्या.

सगळी मिळून रोज ९६० पोळ्या लागतात. तिघी सकाळी सातला येतात, पोळीला दीड रुपया. वाट्याला ३२० पोळ्या, म्हणजे ४८० रुपये रोज. डबा बंद झाला तर पोळ्या होतात ८००, रोज पडतो ४०० च्या आसपास. तिघींपैकी एक कात्रजहून दोन बस बदलून येते. "ती ४०० ला यायची नाही सर. मी विचारलं तिला." ती गेली की दोघींना ८०० पोळ्या दुपारी साडेबारापर्यंत उरकत नाहीत. आणि इथे मुलीने घड्याळ लावलं होतं. साडेबारा ते दोन या ९० मिनिटांत ११० जण येतात, एकेक जण सरासरी २० मिनिटं बसतो. मिनिटाला १.२ माणूस गुणिले २० मिनिटं, म्हणजे कुठल्याही क्षणी २४-२५ जण ताटावर. खुर्च्या २८ आहेत, चालतं. पोळीसाठी थांबून तोच माणूस २८ मिनिटं बसायला लागला तर ३४ खुर्च्या लागतील. सहा माणसं जिन्यात उभी.

हा जॉन लिटलचा रांगांचा नियम. त्याची सिद्धता १९६१ सालची. ऑपरेशन्सच्या तासाला तो बँकेच्या काउंटरच्या उदाहरणाने येतो आणि त्याच उदाहरणात राहतो. जिन्यात उभा राहिलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी फायनान्सकडे वळलो. वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजचा व्यवहार चालवायला भांडवल, किती लागतं म्हणून विचारलं. बहुतेक मुलं इथे गुणोत्तरं म्हणायला लागतात. ही म्हणाली, "लागतच नाही सर, उलट उरतं." मेंबर एक तारखेला आगाऊ भरतात, किराणावाला महिनाअखेर घेतो. पण ते पैसे मावशीचे नाहीत, अजून न वाढलेल्या ताटांचे आहेत, देणं म्हणून धरायचे. आणि तिने पिशवीतून एक लाल कापडी बांधणीची वही काढली. खाड्यांची वही. मेंबर तीन दिवसांपेक्षा जास्त गावी गेला की त्याचे खाडे लिहायचे आणि पुढच्या महिन्यात वळते करायचे.

मार्च २०२० चं पान तिने उघडून दिलं. त्या महिन्यात लॉकडाऊन लागला आणि चार दिवसांत पेठा रिकाम्या झाल्या. पानभर नावं, प्रत्येकासमोर '२३ पासून खाडा', आणि पुढची तारीख कोरी. कोऱ्या जागेत पुढे कधीतरी वेगवेगळ्या शाईने भरलेलं: 'नोव्हें. २१ वळते', 'परत दिले', 'भाऊ जेवला'. एका नावापुढे 'फौजदार झाला, नको म्हणाला.' तीन-चार नावांपुढची जागा अजून कोरी होती.

"ही नावं?"

"आली नाहीत सर. मावशी म्हणते, पान फाडायचं नाही."

बॅलन्स शीटची डावी, म्हणजे देण्यांची बाजू मी इतकी वर्षं शिकवतोय. त्या बाजूला हात लावून पाहिल्यासारखं आधी कधी वाटलं नव्हतं.

आता माझं. नव्वदच्या दशकात, कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेला अजून सगळे आयसीडब्ल्यूए म्हणत तेव्हा, ती नुकती पास होऊन मी त्या कारखान्यात लागलो होतो. तिथे सुट्या भागांची एक छोटी लाइन होती, १९ कामगारांची. मी स्टेटमेंट काढलं, नगामागे तोटा दाखवला. वरिष्ठांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं. आठवड्याने त्या लाइनचा सुपरवायझर कागद हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला. एका आकड्यावर त्याने बोट ठेवलं.

"साहेब, हे कशाचे?"

"ओव्हरहेडचं अपोर्शनमेंट आहे ते."

"म्हणजे?"

"सगळ्या कारखान्याचा वरखर्च असतो ना, तो प्रत्येक लाइनवर वाटायचा."

"म्हणजे वाटणी."

"हो."

"वाटणी कुणी केली?"

"मी."

तो काही बोलला नाही. कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि गेला. लाइन बंद झाली. कामगार इकडेतिकडे सामावले, काही स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. शेड तसंच राहिलं, ट्रान्सफॉर्मर तोच, वॉचमन तोच. पुढच्या तिमाहीत आणखी दोन लाइन कागदावर तोट्यात आल्या आणि त्यांचीही स्टेटमेंट मीच काढली. मार्जिनल कॉस्टिंग मला तेव्हा येत नव्हतं असं नाही. त्या पेपरात मला चांगले गुण होते. पण कारखान्यातला फॉर्म फुल कॉस्टचा, म्हणजे सगळा वरखर्च वाटून टाकायचा होता आणि त्यातल्या वाटणीच्या रकान्यावर सहीची जागा नव्हती.

मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. बहुधा मी बराच वेळ गप्प होतो.

"एक राहिलं," मी म्हटलं. "तुझे १८,५४०. मावशी किती वाजता उठते?"

"पाचला. झोपायला अकरा."

"तिचा पगार कुठे आहे यात? उद्या तिने २०,००० देऊन मॅनेजर ठेवला तर?"

"१,४६० तोटा." ती थांबलीसुद्धा नाही. "ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट. ते प्रकरण सहावं होतं सर."

मी पानं उलटली. पाचनंतर एकदम सात. छपाईची चूक वाटून मी सोडून दिलं होतं.

"काढलंस का?"

"मावशीने काढायला लावलं. म्हणाली, हे काकांनी वाचलं तर खानावळच बंद करा म्हणतील."

या वेळी मी हसलो आणि मॅडम गप्प राहिल्या.

ती गेल्यावर गुणांवरून आमची थोडी ओढाताण झाली. मॅडमचं म्हणणं, संघटनेचा तक्ता नाही, साहित्याचा आढावा दोनच पानांचा, प्रकरणांचे क्रमांक चुकलेले. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी ५० पैकी ४६ म्हणत होतो, त्या ३८. शेवटी ४३ वर सह्या झाल्या. उरलेल्या १४ जणांना मी त्या दिवशी काय विचारलं ते मला आठवत नाही. मास्लो मोजायचाही राहिला.

सोमवारी माझ्या कॉलेजात पहिल्या वर्षाचा तास होता. बरीच वर्षं मी या प्रकरणासाठी पंपांच्या कंपनीचं एक बनावट गणित देतो. ते बाजूला ठेवलं आणि बोर्डवर खानावळीचे आकडे लिहिले: ११०, ९०, ४०, ७० रुपये, थेट खर्चाच्या तीन ओळी आणि खाली ९३,०००. मेसला जेवणारी निम्मी पोरं, दर बघून कुजबुज झाली. काय निर्णय घ्याल, म्हणून विचारलं. चौथ्या मिनिटाला पहिल्या बाकावरच्या एकाने हात वर केला.

"सर, डबा तोट्यात आहे. बंद."

"बरं," मी म्हटलं आणि ४० वर काट मारली. "केला बंद. आता रात्रीच्या ताटाचं काढ."