तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडून किती येतात?

परवा लग्नाच्या पंगतीत सोयऱ्यानं पुन्हा विचारलंच, "इंग्लंडातल्या चर्चशी तुमचं जुळलंय म्हणे. तिकडून किती येतात?"

एकदाच सांगतो. आमच्या मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, एक रुपयाही येत नाही. परदेशी देणगीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांचाही पैसा 2020च्या दुरुस्तीपासून आधी दिल्लीत, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उतरतो, आणि पुढं दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. आणि 'इंग्रजांचं चर्च' म्हणणाऱ्यांनो, 1970 साली नागपुरात मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आणि इतर पंथांबरोबर आम्ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सामील झालो. असो.

मग येतं काय? पत्रं. नाताळची कार्डं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आमच्यासाठी प्रार्थना करतात, आम्ही त्यांच्यासाठी. त्यांच्या चर्चचं छप्पर गळतं आणि उपासनेला तरणं माणूस दिसत नाही, हे आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे.

एवढंच असतं तर मी चिडलो नसतो.

2016चा उन्हाळा. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. आमच्या गल्लीत टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा. प्रार्थनेचे विषय कळवताना मी एक फोटोही जोडला: आई, रिकामा हंडा, मागं रांग. लिहून त्यांना कळायचं नाही, असं वाटलं. दोन महिन्यांनी स्काइपवर बोलणं झालं. आईही शेजारी बसली होती. पलीकडच्या बाईंच्या मागं भिंतीवर तोच फोटो, हातभर मोठा. खाली पैसे टाकायचा डबा. कशासाठी म्हणून विचारलं, तर आफ्रिकेतल्या विहिरींसाठी. आमच्याकडे पाठवता येत नाहीत ना, म्हणून.

आईनं चष्मा पुसला. "आरं, ते माझंच लुगडं हाय की." मग बराच वेळ गप्प. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मला इचारलं व्हतंस का?"

रात्री मी त्यांना तीन पानी पत्र खरडलं. 1963च्या टोरांटोच्या अँग्लिकन परिषदेत देणारी मंडळी आणि घेणारी मंडळी हा भेद मिटवायचं ठरलं होतं ना, मग माझ्या आईला डब्यावर कशी टांगलीत? ते पत्र आज वाचलं की लाज वाटते. पण त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हेही खरं. आणि हंडा नीट दिसावा म्हणून आईला दोन पावलं पुढं उभं मीच केलं होतं. दया यावी म्हणूनच ना? तेव्हा मी याला 'वस्तुस्थिती' म्हणायचो.

त्यांनी माफी मागितली, फोटो उतरवला. तेव्हापासून पत्रं येतात, पण जपून लिहिलेली. मीही जपूनच लिहितो. आईला न विचारता फोटो पाठवला होता, हे मात्र त्यांना अजून कळवलेलं नाही.