हलणारं खनिज मोजताना

मी मूळचा दख्खनच्या बेसॉल्टमधला, विहिरी-बोअरवेलवाला भूजलतज्ज्ञ. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात अर्जेंटिनातल्या एका सालारचं काम आलं आणि माझ्या टेबलावर पडलं. सालार म्हणजे उंच पठारावरचं मिठाचं मैदान, पोटात लिथियम विरघळलेलं खारं पाणी, म्हणजे ब्राइन. जानेवारी २०२४ मध्ये ‘काबिल’ या सरकारी कंपनीने कातामार्का प्रांतात पाच ब्लॉक, १५,७०३ हेक्टर घेतल्यापासून ऑफिसात सगळेच सालारतज्ज्ञ झाले होते, ते सोडा.

तिथे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. ड्रिलिंगवाल्यांशी बोलणं संपेपर्यंत लोकल गच्च.

सोनं-लोखंड जागचं हलत नाही, हे ब्राइन हलतं. उपसा जास्त झाला की कडेचं गोडं पाणी आत शिरून ब्राइन पातळ होतं. म्हणून लिटरमागे किती मिलिग्रॅम लिथियम, एवढ्यावर भागत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो सच्छिद्रतेने. चिकणमातीत निम्मी जागा पोकळ असू शकते, पण ती पाणी सोडते जेमतेम. वाळूचं तसं नाही. कोअरमधून, म्हणजे ड्रिलिंगमध्ये काढलेल्या थराच्या दंडगोल नमुन्यातून, खरोखर निथळतं किती, तो स्पेसिफिक यील्डच धरायचा. एकूण सच्छिद्रता धरली की साठा कागदावर झकास फुगतो. गुंतवणूकदारांची पत्रकं वाचताना मी आता आधी तेच तपासतो.

नमुन्यांचाही ताप होता. बोअरमध्ये वरखालचं पाणी मिसळतं, म्हणून वर-खाली पॅकर, म्हणजे फुगणारी बुचं, फुगवून मधल्याच थराचं पाणी घ्यायचं.

आमचे केमिकल इंजिनिअर म्हणाले, “लिथियम राहू दे, मॅग्नेशियम किती ते सांग.” बरोबरच होतं. चिलीच्या आताकामा सालारात ते लिथियमच्या साधारण सहापट, बोलिव्हियाच्या उयुनीत वीसपटीच्या आसपास. ते काढायला चुना ओतावा लागतो आणि खर्च तिथेच चढतो. पुढची तळी, जिथे उन्हात पाणी आटवतात, म्हणजे आपली भांडुप-मुलुंडची मिठागरंच, फक्त उलटी: आगरात मीठ ठेवून उरलेलं कडू पाणी सोडून देतात, इथे मीठ बाजूला आणि कडू पाणी जपायचं. त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं.

पंपिंग टेस्टमध्ये पाण्याची पातळी आणि लिथियम दोन्ही टिकले, तेव्हा कुठे उपशाचं मॉडेल बसलं. त्यातून निघालेला रिझर्व्ह (खरोखर उपसता येईल एवढा साठा) रिसोर्सपेक्षा (जमिनीत असलेल्या अंदाजित साठ्यापेक्षा) बराच कमी आला. तो तसा यायलाच हवा, हे क्लायंटला पटवण्यात आणखी दोन मीटिंगा गेल्या.