सुलतानचा व्हिडिओ

"डॉक्टर, फक्त सहीचं काम आहे," म्हणत सुलतानच्या मालकांनी केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर टेबलावर ठेवले. पिवळा लॅब्राडोर नर, सव्वादोन वर्षांचा, वजन ४१ किलो. मादी बाहेर गाडीत होती, हीटचा (माजाचा) अकरावा दिवस. क्रॉसिंगच्या बदल्यात एक पिल्लू आणि त्याची पहिली निवड नरवाल्यांची, असा नेहमीचा व्यवहार ठरलेला. मादीच्या मालकीण ताईंची मात्र अट होती, खुब्याचा एक्स-रे पाहिल्याशिवाय नाही. त्यांचा आधीचा लॅब हिप डिस्प्लेसियामुळे, म्हणजे खुब्याचा सांधा सैल राहण्याच्या आनुवंशिक आजारामुळे, सातव्या वर्षी जागचा उठेनासा झाला होता.

सुलतानच्या साहेबांना ही अट म्हणजे अपमान वाटत होता. "पेपर आहेत, डबल बोन आहे, पळतो कसा ते बघा ना." (पेपरवर वंशावळ असते, सांधे नसतात. आणि 'डबल बोन', म्हणजे म्हणे जाड हाडांचा कुत्रा, हा प्रकार फक्त पिल्लांच्या जाहिरातीत सापडतो.) मोबाइलवर सुलतान सोसायटीचा जिना चढत होता, जोरात, शेपटी हलवत. पण प्रत्येक पायरीला मागचे दोन्ही पाय एकदम उचलून एकदम टेकत होता, सशासारखा. लंगडत नव्हता. दोन्ही खुबे सारखेच दुखत असले की कुत्रं लंगडत नाही. लंगडायला एक तरी बाजू बरी लागते.

ताईंनी आधीच फोनवर विचारून घेतलं होतं, त्यामुळे सुलतान रात्रीपासून उपाशी होता. आधी स्कॅनरने मायक्रोचिप वाचून नंबर पेपरशी ताडला. तोच नंबर फिल्मवर छापला गेला नाही, तर एक्स-रे कोणत्या पिवळ्या लॅबचा हे नंतर कोणीही सांगू शकत नाही. मग झोपेचं इंजेक्शन. जागेपणी हा एक्स-रे काढू नये. स्नायू ताठ राहतात, सैल सांधाही घट्ट दिसतो आणि कुत्र्यालाही त्रास होतो.

कुत्र्याला पाठीवर निजवायचं, मागचे पाय सरळ मागे ओढून समांतर धरायचे आणि किंचित आत वळवायचे, म्हणजे गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर बरोबर मध्यभागी येते. पहिली फिल्म फुकट गेली. कटिहाडातली दोन भोकं सारखी दिसत नव्हती, म्हणजे कंबर तिरपी होती. अशा फिल्ममध्ये एक खुबा खरा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो आणि दुसरा वाईट. अशीच फिल्म दाखवून 'एकच बाजू थोडी कमी आहे' म्हणणारे भेटतात.

दुसरी फिल्म नीट आली. मांडीच्या हाडाचा गोळा निदान निम्मा तरी खोबणीत झाकलेला हवा. इथे तो जेमतेम कडेला टेकला होता आणि हाडाच्या मानेवर नवं हाड धरू लागलं होतं. गोळा खोबणीत किती बसलाय ते सांगणारा कोन (नॉर्बर्ग कोन) मोजला. साधारण १०५ अंश हवा, डावीकडे ९४ भरला, उजवीकडे ९१. ए (उत्तम) ते ई (सर्वांत वाईट) अशा प्रतवारीत हे डी. अधिकृत प्रत तज्ज्ञ फिल्म पाहून देतात, पण ब्रीडिंगला नको हे सांगायला तेवढं पुरेसं होतं.

"पण याचे आईबाप चांगले पळतात!" पळत असतील. पिल्लू जन्मतः खुब्याने ठीकच असतं, पुढे सांधा सैल राहतो, वजन वाढतं आणि खोबण उथळ होत जाते. यामागे एक जीन नाही, अनेक आहेत, म्हणून जीन तपासायला गालातला स्वॅब देऊन उत्तर मिळत नाही. आईबापांचे, त्यांच्या भावंडांचे एक्स-रे हाच मार्ग. अंतिम प्रत अमेरिकेत दोन वर्षांनंतरची धरतात, आणि आपल्याकडे तोवर नराची दोन-तीन क्रॉसिंग झालेली असतात. सुलतानचं एक झालं होतं, आठ पिल्लं, पाच महिन्यांची. त्या घरांना आजच फोन करा, म्हटलं. कॅल्शियमचं सिरप बंद, पिल्लू गुटगुटीत नको, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. ४८ लॅब्राडोरांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास आहे. त्यात ज्यांना जोडीतल्या भावंडापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं मिळालं, त्यांच्या खुब्यांची झीज कमी झाली आणि ते सुमारे पावणेदोन वर्षं जास्त जगले. सुलतानलाही सात-आठ किलो उतरवायचे होते.

डोळ्यांचं गणित वेगळं. लॅबमध्ये पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए आजाराचा नेहमीचा प्रकार एकाच जीनमुळे होतो, तिथे स्वॅब चालतो. उत्तर तीनपैकी एक: क्लिअर, कॅरियर (दोष वाहणारा, पण स्वतः निरोगी), बाधित. कॅरियरला क्लिअर जोडीदार दिला तर एकही पिल्लू या आजाराने आंधळं होत नाही, म्हणून कॅरियर दिसला की बाद करायची घाई नको. दोन कॅरियर जुळले तर दर पिल्लामागे बाधित होण्याची शक्यता २५ टक्के, आणि नजर अधू होतेय हे लक्षात येतं ते बहुधा काही वर्षांनंतर.

ताई आत आल्या, फिल्म पाहिली, काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हिचाही काढा." पण हीटमध्ये हार्मोनमुळे सांधे सैल पडू शकतात, निकाल उगाच वाईट येऊ शकतो. तिचा आज फक्त स्वॅब घेतला, खाऊन अर्धा तास झाल्यावर, गाल स्वच्छ करून. एक्स-रेची तारीख हीट संपल्यावर महिन्याभराने दिली.

सुलतान जागा होऊन शेपटी हलवत होता. साहेबांनी तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि या वेळी मागचे पाय बघत राहिले.