कल्टीब्रॅगनची निसन हट: 1:76 प्रतिकृतीची प्रगती

स्कॉटलंडमधील कॉमरी गावाजवळची कल्टीब्रॅगन छावणी 1941 साली युद्धकैद्यांसाठी उभारली गेली. महायुद्धानंतर 2004 पर्यंत ती ब्रिटिश सैन्याच्या प्रशिक्षणासाठी वापरात होती आणि 2007 मध्ये गावाच्याच विकास न्यासाने ती 3,50,000 पौंडांना विकत घेतली. डिसेंबर 1944 मध्ये वोल्फगांग रोस्टर्ग या कैद्याला फितुरीच्या संशयावरून सहकैद्यांनी जिथे ठार मारले, त्याच आवारात आज स्थानिक व्यवसाय चालतात, पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय आहे आणि गावकरी भाजीपाला पिकवतात. काटेरी तारांमधल्या छावण्यांच्या प्रतिकृती आपल्या छंदात भरपूर झाल्या आहेत, म्हणून मी तिथली एक निसन हट (पन्हळी पत्र्याची अर्धगोल बराक) गावाच्या ताब्यात आल्यानंतरच्या रूपात करत आहे.

ब्रिटिश सैन्यातील अभियंते मेजर पीटर निसन यांनी 1916 मध्ये सिद्ध केलेली ही रचना सहा माणसे चार तासांत उभी करू शकत. सगळा भार टी आकाराच्या लोखंडी कमानींवर आणि आडव्या वाशांवर असल्यामुळे दोन्ही टोकांच्या भिंती केवळ आडोशापुरत्या असतात. त्या पाडून तिथे रुंद दार किंवा मोठी खिडकी बसवली तरी सांगाडा जागचा हलत नाही. या हट नव्या वापराला सहज जुळवून घेतात याचे मुख्य कारण माझ्या मते हेच आहे. (बाकदार भिंतीला कपाट टेकवायचे कसे, हा प्रश्न मात्र सैनिकांपासून आजच्या भाडेकरूंपर्यंत सर्वांना सारखाच पडला असणार.)

मी 16 फूट रुंदीचा, सहा गाळ्यांचा (दोन कमानींमधला भाग म्हणजे एक गाळा) नमुना घेतला आहे. 1:76 प्रमाणात रुंदी 64 मिलिमीटर, लांबी सुमारे 145 मिलिमीटर आणि दोन कमानींमधले अंतर 24 मिलिमीटर येते. पत्र्याच्या पन्हळीचे तीन इंची अंतर या प्रमाणात जवळपास नेमके एक मिलिमीटर होते, आणि एम-6 (सहा मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टच्या आट्यांमधले अंतरही तेवढेच असते. त्यामुळे रबरी चटईवर जाड अॅल्युमिनियम फॉइल पसरून त्यावरून असा आटेदार गज दाबून फिरवला की पन्हळी आपोआप उमटते. आटे तिरके असल्याने रेषा सुमारे तीन अंशांनी कलतात, तेवढा कोन धरून तुकडे कापावेत. बाहेरची पन्हळी कमानीवरून आडवी जाते, तर आतल्या अस्तराची हटच्या लांबीला समांतर धावते; दार उघडे ठेवणार असाल, तर हा फरक दिसलाच पाहिजे.

कमानी आणि बाहेरचे पत्रे बसवून झाले आहेत. आता पुढच्या भिंतीत काचेचे दुहेरी दार बसवायचे आहे, त्यानंतर प्राइमर आणि गंजाचे हलके हात.