शेगडीच्या जुन्या कॉइलचा डमी लोड

आज नाशिकच्या सातपूरला 12 व्होल्टचा जुना पॉवर सप्लाय तपासायला भंगारातून डमी लोड, म्हणजे चाचणीपुरता करंट खेचणारा रेझिस्टन्स, बनवला. हेडलाइटचे बल्ब टाळलेच. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापल्यावरच्या साधारण दहावा भाग असतो, त्यामुळे चांगला सप्लायही सुरू होतानाच ट्रिप होतो. विजेच्या शेगडीची कॉइल निक्रोमची (निकेल-क्रोमियम मिश्रधातूची) असते, तिचा रेझिस्टन्स तापून फारसा बदलत नाही.

1000 वॉटच्या शेगडीची कॉइल म्हणजे सुमारे 53 ओम. वेढे मोजून दहा सारखे तुकडे केले की प्रत्येकी 5.3 ओम, दहाही पॅरलल जोडले की 22-23 अँपिअर, सुमारे 270 वॉट. तुकडे मीटरवर मोजू नका, प्रोबचाच रेझिस्टन्स घोळ घालतो. जुनी तार ठिसूळ असते, ओढली की तुटते. आणि एकीकडे जास्त ताणली गेली, तर दाट राहिलेले वेढे लाल होतात.

निक्रोमला साधं सोल्डर धरत नाही, आणि धरलं तरी उष्णतेने वितळेल. चिनी मातीचे कनेक्टर घ्या, पितळी स्क्रू घट्ट आवळा, पाच मिनिटांनी लोड बंद करून पुन्हा आवळा. खाली फरशीचा तुकडा, बाजूला कॉम्प्युटरचा पंखा, पण वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर. वायर 4 चौरस मिमीची. व्होल्टेज सप्लायच्या टर्मिनलवरच मोजा, 11.4 च्या खाली गेलं तर आधी आउटपुटचे कपॅसिटर बघा.